पाळीव कुत्र्याचे पोर्ट्रेट फोटो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुत्रा कॅमेऱ्यासमोर मनापासून राहतो तो काही मिनिटंच. सुरुवातीला कान टवकारलेले असतात, डोळ्यांत कुतूहल असतं. मग तो कंटाळतो, जांभया देतो, उठून जातो. घरातले बहुतेक फोटो बिघडतात ते यामुळेच. हाताशी असलेली मोलाची मिनिटं आपण सेटिंग शोधण्यात, सोफ्यावरचे कपडे उचलण्यात आणि "बस, अरे बस ना" म्हणण्यात घालवतो. म्हणून खालच्या बऱ्याच उत्तरांत एकच आग्रह दिसेल: जागा, उजेड, कॅमेरा सगळं आधी ठरवा आणि कुत्र्याला सर्वांत शेवटी बोलवा.

आमचा फोटो कायम धूसर येतो. कॅमेरा खराब आहे का?

शक्यता फार कमी. धूसरपणाची कारणं तीन, आणि फोटो मोठा करून पाहिला की कोणतं ते कळतं.

सगळं डोकं एकाच दिशेला ओढल्यासारखं दिसत असेल आणि मागची भिंत मात्र स्पष्ट असेल, तर कुत्रा हलला आणि शटर, म्हणजे उजेड आत घेण्यासाठी क्षणभर उघडणारा कॅमेऱ्याचा पडदा, त्या मानाने हळू होतं. भिंतीसकट सगळंच ओढलेलं असेल तर तुमचा हात हलला. कुत्र्याचा कान किंवा पट्टा अगदी स्पष्ट आणि डोळा मात्र मऊ असेल, तर फोकस चुकीच्या जागी बसला.

पहिलं कारण सर्वांत जास्त आढळतं. शांत बसलेला कुत्राही खरं तर स्थिर नसतो. तो श्वास घेतो, धापतो, नाक हलवतो, शेजारच्या कुकरच्या शिट्टीला मान वळवतो. माणसाच्या पोर्ट्रेटला १/१२५ सेकंद पुरतो, कुत्र्याला नाही. बसलेल्या, निवांत कुत्र्यासाठी निदान १/२५० ठेवा. मान वाकडी करणारा, इकडेतिकडे बघणारा असेल तर १/५००. धावणाऱ्या कुत्र्यासाठी १/१००० पासून १/२००० पर्यंत. हा वेग मिळवण्यासाठी आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाबद्दलची संवेदनशीलता) १६०० किंवा ३२०० करावा लागला तरी करा. आयएसओमुळे येणारे दाणे नंतर कमी करता येतात आणि छापल्यावर फारसे जाणवतही नाहीत. हललेला डोळा मात्र कोणत्याही सॉफ्टवेअरने खऱ्या अर्थाने परत येत नाही.

बऱ्याच कॅमेऱ्यांत ऑटो आयएसओबरोबर किमान शटर स्पीड ठरवून ठेवायची सोय असते. तिथे एकदा १/५०० घालून ठेवलंत की उजेड कमी-जास्त झाला तरी लक्ष कुत्र्यावर राहतं.

डोळा स्पष्ट येतो, पण नाक धूसर. किंवा उलट. असं का?

कुत्र्याचा चेहरा माणसासारखा सपाट नाही, म्हणून. लॅब्रॅडोरचं नाकाचं टोक आणि डोळा यांत आठ-दहा सेंटीमीटरचं अंतर असतं. आपल्याकडच्या कारवानी कुत्र्याचं मुस्कट तर त्याहून लांब आणि निमुळतं. आता समजा, फुल-फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ८५ मिमीची लेन्स आहे, कुत्रा दीड मीटरवर बसलाय आणि अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेडाचं छिद्र, एफ/१.८ आहे (आकडा जितका लहान, तितकं छिद्र मोठं). स्पष्ट दिसणारा भाग पुढून मागे जेमतेम ३ सेंटीमीटर असतो. तोच एफ/५.६ वर १० सेंटीमीटरच्या आसपास जातो. म्हणजे महागडी लेन्स घेतली म्हणून ती पूर्ण उघडी ठेवलीच पाहिजे असं नाही. समोरून काढताना एफ/४ ते एफ/५.६ हा भाग मला सर्वांत भरवशाचा वाटतो.

दुसरा उपाय अ‍ॅपर्चरला हात न लावता होतो. कुत्र्याचा चेहरा बाजूने घ्या. बाजूने पाहिल्यावर नाक, डोळा आणि कान कॅमेऱ्यापासून जवळजवळ सारख्याच अंतरावर येतात, आणि एफ/२ वरही सगळं स्पष्ट मिळतं. कारवानी, पश्मी, मुधोळ अशा शिकारी कुत्र्यांचं सौंदर्य तर त्या रेषेतच आहे: कपाळापासून नाकापर्यंतचा सरळ उतार, उंच मान, खोल छाती. या कुत्र्यांचे समोरून घाईत काढलेले फोटो पाहून मला वाईट वाटतं. दख्खनच्या माळावर घडलेली ही जात आहे, तिचे चांगले पोर्ट्रेट अजून खूप काढायला हवेत.

पग, शिह त्झू यांची तोंडं चपटी असल्यामुळे ही अडचण तितकी येत नाही. तिथे एफ/२.८ ला समोरूनही निभावतं.

फोकस नेमका कुठे धरायचा?

कॅमेऱ्याच्या जवळच्या डोळ्यावर. नाक धूसर असेल तर पाहणारा माफ करतो, डोळा धूसर असेल तर फोटो संपला.

कॅमेऱ्यात प्राण्यांचा डोळा ओळखणारा फोकस असेल तर तो चालू करा. सोनीने ही सोय २०१९ मध्ये आणली, निकॉनच्या झेड ६ आणि झेड ७ ला ती २०२० मध्ये फर्मवेअरमधून (कॅमेऱ्यातल्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून) मिळाली आणि कॅननच्या आर ५ आणि आर ६ मध्ये सुरुवातीपासून आहे. म्हणजे तुमच्याकडचा कॅमेरा थोडा जुना असला तरी एकदा मेन्यू उघडून पाहा. तिथे माणूस आणि प्राणी असा पर्याय निवडावा लागतो, आणि तो माणसावरच राहून गेलेला असतो. काळ्या कुत्र्याचे काळे डोळे किंवा ल्हासा अ‍ॅप्सोच्या कपाळावरून आलेले केस यांपुढे ही सोय अडखळते. तेव्हा सलग फोकस (कुत्रा हलला तरी सतत जुळत राहणारा) चालू ठेवून एकच छोटा बिंदू निवडा आणि तो स्वतः डोळ्यावर न्या.

माझ्याकडे फक्त मोबाइल आहे. जमेल का?

जमेल, आणि चांगलं जमेल. पण मोबाइलच्या काही सवयी ओळखून घ्या.

आधी लेन्स पुसा. खिशात, पर्समध्ये फिरून तिच्यावर बोटांचा तेलकट थर बसलेला असतो, आणि कुत्रा असलेल्या घरात लाळेचाही. फोटोतला पांढुरका पडदा बहुतेक वेळा तोच असतो.

मग थोडं मागे सरका आणि फोनमध्ये २एक्स किंवा ३एक्सची लेन्स असेल तर ती वापरा. मुख्य लेन्स रुंद असते. तिने अगदी जवळून काढलं की नाक मोठं, डोळे बारीक आणि कान मागे पळालेले दिसतात. मजेचा फोटो म्हणून तो एखादा असावा, पण तुमचा कुत्रा तसा दिसत नाही.

स्क्रीनवर डोळ्यावर बोट दाबून धरलं की बहुतेक फोनमध्ये फोकस आणि उजेड तिथेच लॉक होतो. त्यानंतर बोट खाली सरकवून फोटो किंचित गडद करा, पांढऱ्या किंवा फिकट कुत्र्यासाठी तर नक्कीच. पोर्ट्रेट मोड जपून वापरा. तो मागची बाजू सॉफ्टवेअरने धूसर करतो, आणि मिशा आणि कानांच्या कडेचे विरळ केस त्याला नीट कळत नाहीत, तेही पुसले जातात. आयफोन १५ पासून कुत्रा किंवा मांजर फ्रेममध्ये असेल तर साध्या फोटोवरही मागची बाजू नंतर धूसर करता येते. ही सोय असेल तर साधाच फोटो काढा आणि निर्णय नंतर घ्या.

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे मोबाइलला भरपूर उजेड द्या. उजेड कमी पडला की फोन शटर हळू करतो, अनेक फ्रेम एकत्र जोडतो, आणि तेवढ्यात कुत्र्याने मान वळवली की दोन नाकं किंवा पुसट कान मिळतात. नाइट मोड कुत्र्यासाठी बंदच ठेवा. अँड्रॉइड फोनमध्ये प्रो मोड असेल तर शटर १/२५० वर स्वतः ठेवता येतं.

आणि एकेक फोटो काढत बसू नका, बर्स्ट, म्हणजे एका दमात अनेक फोटो काढायची सोय, वापरा. आयफोनवर शटरचं बटण डावीकडे ओढायचं. अँड्रॉइडवर कंपनीनुसार ते दाबून धरायचं किंवा खाली ओढायचं. त्यातला एखादा फोटो हमखास लागतो.

घरात कुठे बसवून फोटो काढायचा?

खिडकीजवळ, पण खिडकीच्या चौकटीत नाही. जिथून थेट ऊन आत येत नाही अशी मोठी खिडकी किंवा गॅलरीचं दार शोधा. कुत्र्याला तिथून एक ते दीड मीटर आत बसवा, असं की उजेड त्याच्या चेहऱ्यावर बाजूने किंवा तिरका पडेल. तुम्ही खिडकीकडे पाठ करून किंवा तिच्या कडेला बसा. ऊन थेट येत असेल तर पातळ पांढरा पडदा ओढा. पडदा नसेल तर जुनी पांढरी साडी किंवा ओढणी लावली तरी तेच काम होतं.

मग घरातले दिवे बंद करा. हे बहुतेक लोक विसरतात. बाहेरचा उजेड निळसर, बल्बचा पिवळा, आणि दोन्ही एकत्र आले की अर्धा चेहरा एका रंगाचा आणि अर्धा दुसऱ्या. शिवाय आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे कित्येक एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. डोळ्यांना ते जाणवत नाही, पण कॅमेऱ्याचं सायलेंट (आवाज न करणारं) शटर किंवा मोबाइल वेगाने चालवला की फोटोत आडवे पट्टे उमटतात.

उजेड बरोबर आहे का, याची खूण एकच: डोळ्यातली चमक. खिडकीचं छोटं पांढरं प्रतिबिंब बुबुळाच्या वरच्या भागात दिसायला हवं. ते नसेल तर डोळा काळाभोर, निर्जीव वाटतो. कुत्रा मान खाली घालून बसला असेल तर ते दिसणारच नाही. खाऊ थोडा वर धरा, हनुवटी उचलली जाते आणि चमक येते.

हे सगळं कुत्र्याविना करून बघता येतं. त्याच्या जागी एखादी उशी किंवा घरातलं मूल बसवा, दोन फोटो काढा, सेटिंग ठरवा.

बाहेर कोणती वेळ चांगली?

सूर्योदयानंतरचा आणि सूर्यास्ताआधीचा एखादा तास. दुपारच्या उन्हात कुत्रा डोळे मिटतो, भुवयांची सावली डोळ्यांवर पडते आणि पांढरे केस भाजल्यासारखे सपाट होतात. दुपारीच काढायचा असेल तर सावलीची कड शोधा: व्हरांड्याची, झाडाची, पार्किंगची. कुत्रा सावलीत, कडेपासून थोडा आत, तोंड उघड्या आभाळाकडे. असा उजेड खिडकीसारखाच मऊ असतो.

एप्रिल-मे महिन्यांत वेळेचा विचार फोटोसाठी कमी आणि कुत्र्यासाठी जास्त करा. डांबर आणि फरशी किती तापलीय ते तळहाताची मागची बाजू टेकवून पाहा. पाच-सात सेकंद ठेवता येत नसेल तर त्याचे पंजेही भाजतील. पग, फ्रेंच बुलडॉग यांसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना उष्णतेचा त्रास फार लवकर होतो. त्यांचे उन्हाळ्यातले फोटो पहाटे किंवा घरातच काढावेत, असं माझं स्पष्ट मत आहे. जीभ रुंद पसरून बाहेर लोंबतेय, धाप थांबत नाहीये, असं दिसलं की कॅमेरा ठेवा, सावलीत न्या, पाणी द्या.

पावसाळा मला कुत्र्यांच्या पोर्ट्रेटसाठी सर्वांत आवडतो. ढगांमुळे दिवसभर मऊ उजेड मिळतो, टेकड्या हिरव्या असतात, धूळ बसलेली असते. भिजलेला कुत्रा अंग झटकतो तो क्षण पकडायचा तर मागे गडद झाडी आणि उजेड मागून येणारा हवा, शटर १/१००० च्या पुढे. परत आल्यावर मात्र केसांत गोचीड आहेत का ते बोटं फिरवून तपासा. साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस हा जिवाणूंचा आजार होऊ शकतो, त्यामुळे त्याची लस झाली आहे ना, हे डॉक्टरांशी आधी बोलून घ्या. कॅमेरा एसीच्या खोलीतून थेट बाहेर काढला तर लेन्सवर वाफ धरते. बॅगेतच अर्धा तास राहू द्या. आणि घरी तो सिलिका जेलसोबत बंद डब्यात ठेवा, कोकणात आणि मुंबईत लेन्सला बुरशी लागायला एक पावसाळा पुरतो.

आमचा काळा लॅब्रॅडोर फोटोत नुसता काळा गोळा दिसतो. पांढऱ्याचं उलट होतं.

कॅमेरा समोरचं दृश्य सरासरी करड्या उजेडाचं आहे असं धरून चालतो. फ्रेम काळ्या केसांनी भरली की तो फोटो उजळ करायला जातो, आणि काळा कुत्रा करडा, फिकट दिसतो. अशा वेळी एक्सपोजर कॉम्पेन्सेशन (फोटो मुद्दाम गडद किंवा उजळ करायची कॅमेऱ्यातली सेटिंग) -०.७ ते -१ करा. पण तोच कुत्रा आभाळासमोर किंवा पांढऱ्या भिंतीसमोर बसला असेल तर कॅमेरा भिंतीला भुलतो आणि कुत्र्याचा गोळा होतो. तेव्हा उलट, +१ च्या आसपास न्यावं लागतं. म्हणून काळ्या कुत्र्यामागे पांढरं नकोच. गडद हिरवी झाडी, विटेची भिंत, मातकट सतरंजी अशी मागची बाजू निवडली की निम्मं काम होतं.

उरलेलं काम उजेडाच्या दिशेचं. काळ्या केसांचा पोत समोरून येणाऱ्या सपाट उजेडात दिसत नाही. बाजूच्या खिडकीतून उजेड केसांवर घासत आला की प्रत्येक लाट, खांद्याचा गोलवा, कपाळावरची घडी दिसू लागते. उघड्या आभाळाखाली काळ्या केसांवर निळसर झाक येते, ती नंतर रंग किंचित गरम, म्हणजे पिवळसर, करून काढता येते. रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेला मूळ फोटो) ठेवली असेल तर सावल्यांतला तपशील बराच परत मिळतो.

पांढऱ्या कुत्र्यासाठी, म्हणजे पोमेरेनियन, सामोयेड किंवा पांढरा गावठी, +०.७ किंवा +१ लागतं, नाहीतर तो मळकट दिसतो. मात्र नाकाजवळचे आणि छातीवरचे केस पूर्ण पांढरे होऊन तपशील गेला नाही ना, हे हिस्टोग्रामवर (फोटोतला गडद-उजळ भाग दाखवणाऱ्या आलेखावर) बघा. हिरवळीवर बसवलं तर हनुवटीखाली हिरवी झाक उमटते.

तो कॅमेऱ्याकडे बघतच नाही.

खाऊ तुमच्या दुसऱ्या हातात असेल तर तो त्या हाताकडेच बघणार. खाऊ लेन्सच्या अगदी वर धरा, किंवा घरातल्या कोणाला तरी तुमच्या खांद्यामागे उभं करा. एकाच माणसाने बोलवायचं. आई, बाबा आणि दोन मुलं चारी बाजूंनी हाक मारू लागली की कुत्रा गोंधळतो आणि शेवटी दाराकडे बघत बसतो.

आवाज हे सर्वांत चांगलं साधन आहे, आणि सर्वांत लवकर वाया जाणारंही. नवा आवाज पहिल्या एक-दोन वेळा कान उभे करतो, मान तिरकी होते, धापणारं तोंड मिटतं. नंतर त्याला कळतं की यात काही नाही. म्हणून फोकस डोळ्यावर बसलेला, बोट शटरवर, आणि मगच आवाज. बिस्किटाच्या पुड्याची कुरकुर, जिभेचा टकटक आवाज, चावीचा गुच्छ, एकेक करून वापरा, सगळे एकदम नको. "फिरायला?" हा शब्द सर्वांत शेवटी ठेवा, आणि तो उच्चारलात तर फोटो झाल्यावर खरंच फिरायला न्या. फसवलेला कुत्रा पुढच्या वेळी विश्वास ठेवत नाही. मोबाइलवर मांजरांच्या भांडणाचे किंवा रडणाऱ्या पिल्लांचे आवाज लावून कुत्र्याला अस्वस्थ करू नका. त्यात कान उभे राहतात, पण चेहऱ्यावर ताण दिसतो.

खेळणं दाखवायचं तर निळं किंवा पिवळं घ्या. कुत्र्यांना निळा आणि पिवळा रंग चांगला ओळखता येतो, लाल आणि हिरवा मात्र त्यांना वेगळे वाटत नाहीत. लाल चेंडू हिरवळीवर आपल्याला उठून दिसतो, त्याला नाही.

खाऊ म्हणून उकडलेल्या चिकनचे किंवा पनीरचे शेंगदाण्याएवढे तुकडे पुरतात. चॉकलेट, द्राक्षं, मनुका, कांदा आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरला जाणारा गोड पदार्थ) असलेलं कोणतंही शुगर-फ्री खाणं कुत्र्यांसाठी विषारी आहे, कौतुकाच्या भरातही देऊ नका.

कॅमेरा काढला की तो पळून जातो.

त्याच्या बाजूने पाहा. घरातला माणूस अचानक गुडघ्यावर बसून, तोंडासमोर मोठी काळी गोल वस्तू धरून त्याच्याकडे टक लावून बघतोय. कुत्र्यांमध्ये टक लावून बघणं हे आव्हान असतं.

फोटोचा विचार सोडून कॅमेरा आधी जमिनीवर ठेवा. हुंगू द्या. हुंगलं की खाऊ. मग कॅमेरा हातात घ्या, खाऊ. तोंडाशी न्या, खाऊ. शटरचा आवाज करा, खाऊ. असं दिवसातून थोडा वेळ, काही दिवस केलं की शटरचा आवाज म्हणजे काहीतरी चांगलं मिळणार, हे त्याच्या डोक्यात बसतं. फोकसचा बीप आवाज कॅमेऱ्यात बंद करून ठेवा.

तरीही तो ओठ चाटत असेल, सारख्या जांभया देत असेल, डोळ्यांचं पांढरं दाखवत तिरका बघत असेल, शेपूट आत ओढत असेल, तर त्याला नको आहे. थांबा. अशा चेहऱ्याचा स्पष्ट फोटोही पाहायला बरा वाटत नाही. आश्रयगृहातून आणलेल्या, मार खाल्लेल्या कुत्र्याच्या बाबतीत लांबच्या लेन्सने, तो स्वतःच्या उद्योगात असताना काढलेले फोटोच सर्वांत खरे येतात.

फ्लॅश वापरला की डोळे हिरवे चमकतात. फ्लॅशने डोळ्यांना इजा होते का?

कुत्र्याच्या बुबुळाच्या मागे पडद्यालगत उजेड परतवणारा एक थर असतो. कमी उजेडात दिसावं म्हणून निसर्गाने दिलेला. थेट फ्लॅश त्यावर आपटून परत लेन्समध्ये येतो आणि हिरवी-पिवळी चमक दिसते. निळ्या डोळ्यांच्या हस्कीमध्ये हा थर पुष्कळदा नसतो, म्हणून त्याचे डोळे लाल येतात. अधूनमधून वापरलेल्या साध्या फ्लॅशने डोळ्यांना इजा होत नाही, पण तो दचकतो, आणि दचकलेला कुत्रा पुन्हा बसत नाही. वापरायचाच तर वेगळा फ्लॅश छताकडे किंवा पांढऱ्या भिंतीकडे वळवून वापरा.

फोटोत जिवंतपणा येत नाही. सगळं बरोबर असूनही.

तुम्ही उभे राहून काढताय का? उभ्याने काढलेल्या फोटोत मोठं डोकं, छोटे पाय आणि खाली फरशी दिसते. रोज आपण त्याला तसंच बघतो, म्हणून त्यात नवं काही नसतं. लेन्स त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर आणा. मोठ्या कुत्र्यासाठी मांडी घालून बसा, लहानासाठी पोटावर झोपा. पाठ किंवा गुडघे साथ देत नसतील तर कुत्र्याला पलंगावर किंवा जिन्याच्या वरच्या पायरीवर बसवा. एवढ्या एका बदलाने जो फरक पडतो तो दुसऱ्या कोणत्याही खर्चाने पडत नाही.

घरात पसारा आहे, चांगली मागची बाजू कुठून आणू?

कुत्र्याला भिंतीला चिकटवून बसवू नका. भिंत दोन-तीन मीटर मागे राहिली की ती आपोआप धूसर होते. आणि फार शोधू नका. तो रोज झोपतो ती सतरंजी, ज्या दाराशी तुमची वाट बघतो ते दार, आजीच्या पाटाशेजारची त्याची जागा, याला दुकानातला पडदा तोड देऊ शकत नाही. फक्त चार्जरची वायर, प्लास्टिकची बादली आणि डोक्यामागून उगवणारा टेबलाचा पाय तेवढं काढा.

बाहेर पट्टा सोडायचा का?

नाही, रस्ता किंवा अनोळखी कुत्रे जवळ असतील तर अजिबात नाही. बारीक पट्टा घ्या, मदतनीसाने तो बाजूला आणि किंचित वर धरावा, चेहऱ्यावरून जाऊ देऊ नये. कुत्रा हलवल्यावर त्याच जागेचा, त्याच सेटिंगवर एक रिकामा फोटो काढून ठेवा. पट्टा पुसताना त्या रिकाम्या फोटोतला तुकडा वापरता येतो.

दोन कुत्रे एकत्र?

दोघांचे डोळे कॅमेऱ्यापासून सारख्या अंतरावर आणा आणि एफ/८ पर्यंत जा. जो जास्त आज्ञा ऐकतो त्याला आधी बसवा, खोडकर नंतर. खाऊ दोघांना एकाच वेळी, नाहीतर भांडण.

दिवाळीत कंदील, पणत्या यांच्यासोबत फोटो काढायचाय.

काढा, पण फटाके सुरू होण्याआधी, संध्याकाळी आभाळात निळा उजेड असतानाच. तेव्हा कंदिलाचा पिवळा उजेड आणि आभाळ दोन्ही दिसतात. पणत्या कुत्र्याच्या मागे बऱ्याच अंतरावर मांडा. त्या धूसर गोल होऊन सुंदर दिसतात आणि शेपटीच्या टप्प्यातही येत नाहीत. टोपी, फेटा, उपरणं घालायचं असेल तर आधी दोन दिवस सवय करा. घातल्यावर तो पुतळ्यासारखा थिजला किंवा पंजाने ओरबाडू लागला तर काढून टाका. गळ्यात झेंडूची सैल माळ बहुतेकांना चालते, पण ती खाऊ देऊ नका. रंगपंचमीचे रंग मात्र नकोच. तो अंग चाटतो, आणि सगळं पोटात जातं.

आमचा कुत्रा म्हातारा झालाय, डोळे पांढुरके झालेत.

मग उशीर करू नका. समोरून येणारा उजेड बुबुळातली पांढुरकी झाक उठवतो, बाजूच्या खिडकीचा उजेड ती कमी दाखवतो आणि पांढरं झालेलं मुस्कट फार देखणं करतो. त्याला बसा-उठायला लावू नका. त्याच्याच अंथरुणाशी जा, तिथे तुम्ही झोपा. ऐकू कमी येत असेल तर आवाजाऐवजी वास वापरा: तळहातात चिकन घेऊन लेन्सजवळ मूठ उघडा, नाक वर उठतं. पंजे, कानाची फाटलेली कड, तुमच्या मांडीवर ठेवलेलं डोकं, हेही काढा. पोर्ट्रेट म्हणजे फक्त चेहरा नव्हे.

फोटो काढल्यावर एडिटिंग किती करायचं?

थोडं. डोळ्यांचा भाग किंचित उजळा, पण इतका नाही की ते दिव्यासारखे पेटतील. शार्पनिंग डोळे आणि केसांपुरतं ठेवा. नाकावर आणि धूसर पार्श्वभूमीवर ते चढवलं की खरखरीत दिसतं. डोळ्यांतली चिपडं मात्र एडिटिंगमध्ये पुसत बसण्यापेक्षा फोटोआधी ओल्या कापसाने पुसा.

मोठी प्रिंट काढायची आहे. मोबाइलचा फोटो चालेल?

८ × १० इंचाच्या चांगल्या प्रिंटला ३०० डीपीआयने (दर इंचाला ३०० ठिपके) २४०० × ३००० पिक्सेल लागतात, म्हणजे ७२ लाख. आजचा कोणताही बरा फोन याहून जास्त देतो, फक्त फोटो फार कापू नका. स्टुडिओला पाठवताना व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलात तर तो लहान होऊन जातो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा ईमेल करा. काळ्या कुत्र्यासाठी मॅट कागद घ्या, चकचकीत कागदावर खोलीतला दिवा नेमका त्याच्या काळ्या केसांत दिसतो. आणि फोनच्या स्क्रीनपेक्षा कागदावर सगळं गडद येतं. आधी ४ × ६ ची एक चाचणी प्रिंट काढून ती दिवसाच्या उजेडात बघा. डोळे केसांपासून वेगळे दिसत नसतील तर फाइल थोडी उजळ करून मगच मोठी प्रिंट सांगा.